बावन्न मिनिटं

"बावन्न मिनिटं. वाच तूच."

"माझा चष्मा पिशवीत आहे."

"मग ऐक. मला पाठ झालंय ते पत्र. 'अंथरुणापासून खुर्चीपर्यंत सकाळच्या तयारीचा प्रत्यक्ष मोजलेला वेळ, बावन्न मिनिटे.' प्रत्यक्ष मोजलेला, मावशी."

"कुशीवर घेते. डावीकडे."

"घे. बावन्न मिनिटांत माझं काय होतं रोज? जेमतेम आंघोळ होते."

"त्या दिवशी झालं ना सगळं."

"झालं नाही, तू केलंस. कुणी सांगितलं होतं तुला एवढं धावायला?"

"मी काही धावले नाही. माझा हातच तसा आहे."

"रोज याच हाताला पावणेदोन तास लागतात."

"रोज तू मध्ये मध्ये बोलतेस. दात घासताना बोलतेस, तोंड धुताना बोलतेस. त्या दिवशी गप्प होतीस, म्हणून आवरलं लवकर."

"तोंड उघडायला दिलंस का? ब्रश काढला तर शर्ट डोक्यावर, शर्ट खाली आला तर कंगवा. ती तपासनीस बाई दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती आणि तू माझं गाठोडं बांधत होतीस."

"गाठोडं म्हणू नकोस. अकरा वर्षांत एक सुरकुती पडू दिली नाही मी तुझ्या कपड्याला."

हे बोलून झालं आणि मावशीचा हात क्षणभर थांबला. मग तिने पाठीखालची चादर ओढून सरळ केली आणि पँटचा दुसरा पाय चढवायला घेतला.

या दोघींच्या भांडणात एक अडचण कायमची होती. रागाने उठून जायची सोय एकीला नव्हती, आणि दुसरीचे हात सतत पहिलीच्या अंगावर असायचे. त्यामुळे भांडण कितीही पेटलं तरी त्यात "हात वर घे", "मान इकडे", "पाणी कढत नाही ना" अशी वाक्यं मिसळलेली असायची, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की एकाच वेळी दोन वेगळी नाटकं चालली आहेत.

अंथरुणावर होती ती वेळापत्रकवाली. शहराच्या बससेवेच्या कचेरीत बसगाड्यांच्या फेऱ्या बसवायचं काम ती करायची: कोणती गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती थांबेल, कोणता ड्रायव्हर कधी जेवेल. वय छत्तीस. एकोणिसाव्या वर्षी पोहण्याच्या तलावात उथळ बाजूला सूर मारला आणि मानेचं हाड मोडलं. खांदे हलत, उजवा कोपर वाकत असे, त्याखाली अंग तिचं असूनही तिला कळत नव्हतं. मनगटाला पट्ट्याने एक छोटी काठी बांधली की त्या काठीने ती कळफलकावर असं टाइप करायची की शेजारच्या टेबलावरची दहा बोटांची माणसं मागे पडत. पुढच्या महिन्यात ती विभागाची मुख्य होणार होती. पत्र आलं नसतं तर नक्कीच होणार होती.

नोकरी करणाऱ्या अपंग माणसांना मदतनीस देणारी एक योजना होती. नियम सोपा होता. सकाळच्या तयारीला दीड तासाहून जास्त लागत असेल तर पूर्ण मदत, म्हणजे सकाळी घरी आणि दुपारी कामाच्या जागी. दीड तासाहून कमी लागत असेल तर अर्धी मदत, म्हणजे फक्त सकाळ. बावन्न मिनिटांत आवरणारी बाई अर्धीच ठरली. दुपारची भेट गेली तर पायाला बांधलेली लघवीची पिशवी रिकामी कोण करणार, घास कोण भरवणार, आठ तास एकाच जागी टेकलेलं अंग उचलून मोकळं कोण करणार, याची उत्तरं त्या पत्रात नव्हती. शेवटी एक ओळ मात्र होती: 'अर्जदारास घरून काम करण्याचा पर्याय उपलब्ध आहे.'

"चार वर्षं केलं मी घरून," वेळापत्रकवाली आता छताकडे बघून म्हणाली. "कचेरीत लोक मला फाइल समजायचे. मीटिंग संपली की कुणीतरी म्हणायचं, अरे, तिला कळवायचं राहिलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर मग? आमच्याकडे दर वर्षी फेऱ्यांची मोजणी होते. मोजणीच्या दिवशी एखादा शहाणा ड्रायव्हर साहेबांना खूश करायला एकतीस मिनिटांत फेरी मारतो. सिग्नल गाठतो, म्हातारी धावत येत असली तरी थांबत नाही. मग वर्षभर सगळ्यांच्या कपाळी एकतीस मिनिटं. पाणी प्यायला वेळ नाही, संडासला जायला वेळ नाही. त्या एका शहाण्यापायी मी वर्षभर भांडते. आणि माझ्याच घरात निघालीस तू."

मावशीने पोटाचा पट्टा आवळला, जरा जास्तच.

"श्वास घ्यायचाय मला," वेळापत्रकवाली म्हणाली.

"घे की," मावशी म्हणाली, आणि पट्टा एक घर सैल केला.

टाचणीमावशी हे नाव तिला नाटकमंडळीने दिलं होतं. एकवीस वर्षं ती एका फिरत्या मंडळीचा कपडेपट सांभाळत होती. ओठांत चार टाचण्या, मनगटाला सुया खोचलेली उशी. विंगेतल्या अंधारात नटी आली की चाळीस सेकंदांत तिची राणीची भिकारीण करून तिला परत उजेडात ढकलायची. तिथे बोलायचं नाही, विचारायचं नाही. नटी हात वर करते न करते तोवर बाही त्या हाताशी हवी. एकदा दौऱ्यावर मुख्य नटीला चक्कर आली, ती उभ्या उभ्या डोळे मिटून होती, तरी मावशीने तिचा पूर्ण वेष बदलला आणि नटीला ते नंतर आरशात बघून कळलं. हा किस्सा मावशी सगळ्यांना सांगायची.

मंडळी मोडली तेव्हा ती सत्तेचाळीसची होती. मदतनिसांच्या सहा आठवड्यांच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या नर्सने प्रत्येकीला एकेक पुतळा दिला आणि कपडे चढवायला सांगितले. बाकीच्या अजून एका पायाशी झटत होत्या, तोवर मावशीने पुतळ्याची कॉलरसुद्धा नीट केली होती. नर्स हसली. म्हणाली, "झकास. फक्त पुतळ्याला काही विचारलं नाहीत." मावशीला तो विनोद वाटला. तीही हसली.

वेळापत्रकवालीकडे आल्यावर तिने आधी कपाट उघडलं आणि सगळ्या पँटचे मागचे खिसे उसवून काढले, कारण खिशाची जाड शिवण आठ तास अंगाखाली राहिली तर कातडी सडायला तेवढी पुरते. कोटांच्या पाठी आखूड केल्या, म्हणजे खुर्चीत चोळामोळा होणार नाही. बटणांच्या जागी टिचबटणं लावली आणि वर जुनी बटणं नुसती शोभेला शिवली. कचेरीतल्या बायका वेळापत्रकवालीला विचारायच्या, तुझा शिंपी कोण. ती म्हणायची, "अंगाबरोबर भाड्याने मिळालाय."

पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकवालीने एक अट घातली होती. एकच. "माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नाही आणि दुखतही नाही. जखम पडली तर शेजाऱ्यांना आधी कळेल, वासाने. तेव्हा तू बघशील ते मला सांगायचं. बरं असो, वाईट असो. लपवायचं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी आणि दुपारी मावशी तिला कुशीवर घ्यायची, वरून खाली बघत जायची आणि मोठ्याने सांगायची. खांदे साफ. माकडहाड साफ. बैठक साफ. मांड्या साफ. टाचा साफ. याला दोघी बातम्या म्हणत. मग तेच मावशी कातडीच्या वहीत लिहून ठेवायची.

"बातम्या सांग गं."

"हवामान कोरडं. कुठेही पडझड नाही."

"आणि क्रीडा?"

"डाव्या पायाने सकाळी मला लाथ मारली."

अकरा वर्षं हे असं चाललं होतं.

मग तपासनीस बाई आली. चाळिशीची, कोरडी, हातात फळीला लावलेला फॉर्म. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही रोजच्यासारखं करा. मी इथे नाहीच असं समजा." नाटकात मुरलेल्या माणसाला यापेक्षा वाईट सूचना देता येत नाही. मावशीला वाटलं, एकवीस वर्षं आपण विंगेत होतो, प्रेक्षक कायम पलीकडे. आज पहिल्यांदा कुणीतरी आपलं काम बघायला आलंय. तिने आदल्या संध्याकाळीच मोजे, पट्टे, टॉवेल, नळ्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मग पडदा उघडावा तशी ती सुटली.

वेळापत्रकवाली रोज स्वतःचं तोंड स्वतः धुते. हाताला कापडी पिशवी चढवली की कोपराच्या जोरावर तिला ते जमतं, नऊ मिनिटं लागतात. त्या दिवशी मावशीने एका फटक्यात पुसलं. पायांना झटके आले की रोज ते ओसरेपर्यंत थांबते, त्या दिवशी झटका चालू असतानाच मोजा चढवला. छतावरच्या रुळावरून सरकणाऱ्या झोळीत तिला उचललं, खुर्चीत ठेवलं, रोज पँट मागून ओढून दोन्ही तळहातांनी सपाट करते ते एका हाताने केलं. तपासनीस बाईने घड्याळ थांबवलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कमाल आहे. कुठे शिकलात?"

"नाटकात," मावशी म्हणाली, आणि तो चक्कर आलेल्या नटीचा किस्सा सांगितला. अगदी नटीच्या लवंडलेल्या मानेच्या नकलेसकट.

दुपारी साडेबाराला मावशी कचेरीत गेली. तळमजल्यावर प्रथमोपचाराची खोली होती, तिथे एक कोच आणि उचलायचं हलतं यंत्र ठेवलेलं असे. किल्ली दारावरच्या शिपायाकडे, वहीत वेळ लिहून घ्यायची. मावशीने तिला कोचावर घेतलं, पिशवी रिकामी केली, कुशीवर वळवलं. डाव्या मांडीच्या मागे चार बोटं लांब लाल रेघ होती. पँटची चुणी अंगाखाली राहिली होती. मावशीने बोट दाबून उचललं. दाबल्यावर लाली जायला हवी. गेली नाही.

"बातम्या?" वेळापत्रकवाली भिंतीकडे तोंड करून म्हणाली. ती खुशीत होती. सकाळचं पार पडलं म्हणून तिला बरं वाटत होतं.

मावशी म्हणाली, "साफ."

एक शब्द. तो तोंडातून का गेला हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सकाळची कमाल अजून कानात होती, एवढंच. मग चूक निस्तरायला तिने तिला अर्धा तास कुशीवरच ठेवलं. "चेहरा ओढलाय तुझा, पडून राहा." वेळापत्रकवाली कुरकुरली, तिचं जेवण उशिरा झालं, एक मीटिंग हुकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रेघ फिकी झाली, चौथ्या दिवशी गेली. तीन दिवस सकाळ-दुपार मावशी साफ म्हणत राहिली.

आणि पाचव्या दिवशी पत्र आलं.

मावशीचा नवरा त्याच मंडळीत प्रॉम्प्टर होता. विंगेत वही घेऊन बसायचं आणि नट अडला की कुजबुजत वाक्य पुरवायचं. मंडळी मोडून बारा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. भाजीवाल्याकडे गिऱ्हाईक अडलं की हा मागून कुजबुजायचा, "कोथिंबीर." पत्रानंतर काही दिवसांनी मावशी एकदा घरी आली तेव्हा तो चहा करत होता.

"तिने अर्ज केला होता ना, फेरतपासणी मिळालीये," मावशी म्हणाली. "नऊ दिवसांनी. तीच बाई येणार."

"मग या वेळी सावकाश कर."

"सावकाश म्हणजे काय करू? हात बांधून घेऊ? मुद्दाम रेंगाळले तर नाटक वाटेल. सावकाश करायचं नाटक मला येत नाही."

"मग तू करूच नकोस. ती सांगेल तेवढंच कर. ती सांगेपर्यंत थांब."

"तिला सांगावं लागत नाही. मला कळतं."

त्याने चहा गाळला. "आपला तो मोठा नट आठवतो? मिशीवाला. त्याला आठवायच्या आत मी वाक्य द्यायचो. मला वाटायचं, काय तत्पर प्रॉम्प्टर आहे मी. पुढे पुढे त्याने पाठ करणंच सोडलं. एके दिवशी मला खोकला झाला आणि राजेसाहेब सिंहासनावर तोंड उघडं ठेवून बसले."

"तिला पाठ करायचं नाहीये काही."

"नसेल." त्याने कप पुढे केला. मग तिच्याकडे नीट बघितलं. पस्तीस वर्षांचा संसार होता, चेहरा वाचायला वही लागत नव्हती. "आणखी काय?"

मावशीने रेघेचं सांगितलं. कोच, बोट, न गेलेली लाली. "आणि मग ती म्हणाली, बातम्या. आणि मी..." मावशी थांबली. कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

"सांगितलं नाहीस," नवऱ्याने त्या जुन्या कुजबुजीत वाक्य पुरवलं.

"चहात साखर जास्त झालीये," मावशी म्हणाली.

फेरतपासणीच्या सकाळी वेळापत्रकवाली जागीच होती. "आज मी सांगेन तेव्हाच हात लावायचा," ती म्हणाली. "नाटक म्हणून नाही. मला खरंच बघायचंय, मला किती वेळ लागतो. मला, मावशी. तुला नाही."

तपासनीस बाई चौकटीशी आली. घड्याळ सुरू झालं.

मावशी हात खाली सोडून उभी राहिली. ते हात काय करावं हे न कळून पदराशी, मग एकमेकांशी खेळू लागले. वेळापत्रकवाली म्हणाली, आधी पाणी. मावशीने पेला धरला. ती दोन घोट प्यायली, थांबली, आणखी एक प्यायली. रोज मावशी दोन घोटांनंतर पेला काढून घ्यायची.

"तिसराही हवा असतो तुला?"

"असतो."

मग तोंड. हाताला कापडी पिशवी, नऊ मिनिटं. कानामागे साबण राहिला, तिने पुन्हा हात वर न्यायला घेतला, हात दोनदा घसरून मांडीवर पडला, तिसऱ्यांदा पोचला. मावशीच्या जिभेवर "दे इकडे" आलं आणि तिने ते ओठांत टाचण्यांसारखं धरून ठेवलं. नळी, पिशवी, मोजे. पायांना झटका आला, दोघी थांबल्या. तपासनीस बाईही थांबली, खरं तर तिला काही करायचंच नव्हतं.

"शर्ट कुठला?" मावशीने विचारलं, आणि उत्तराआधीच तिचा हात करड्या शर्टाकडे गेला होता.

"हिरवा."

"हिरवा तुला आवडत नाही ना?"

"कोण म्हणालं? करड्याला टिचबटणं आहेत, तो पटकन होतो. आवडतो तुला."

हिरवा कधी घातलाच जात नव्हता, म्हणून त्याला अजून खरी बटणं होती, अकरा. अकराही लावली गेली. शेवटी झोळी, खुर्ची, आणि वेळापत्रकवाली म्हणाली, "आता मागून बघ. चुणी राहिलीये का." मावशीने दोन्ही हातांनी बघितलं. मग आणखी एकदा बघितलं.

दोन तास सहा मिनिटं.

तपासनीस बाईने आकडा लिहिला, आणि पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं. "मागच्या वेळी बावन्न. आज एकशे सव्वीस. माणूस तोच, खोली तीच. यातलं मी खरं कुठलं मानू?"

"आजचं," वेळापत्रकवाली म्हणाली.

"ते तुम्ही म्हणणारच. यांनी मला मागच्या वेळी सांगितलंय, या नाटकातल्या आहेत." बाईच्या आवाजात टोमणा नव्हता, ती नुसती आठवण करून देत होती. "रेंगाळणं कुणालाही जमतं. बावन्न मिनिटांत होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा सगळं व्यवस्थितच झालं होतं."

"व्यवस्थित कुठे झालं होतं? माझं तोंड..."

"तोंड पुसलेलं होतं. फॉर्ममध्ये स्वच्छतेचा रकाना आहे, कुणी पुसलं त्याचा नाही."

वेळापत्रकवालीने ओठ आवळले. खांदा एकदा वर गेला आणि खाली आला. मावशीने तो खांदा ओळखला. चार वर्षं घरून काम केलं असं ती म्हणते तेव्हा तो तसाच वर जातो.

"व्यवस्थित झालं नव्हतं," मावशी म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही गेल्यावर दुपारी मी कचेरीत हिला कोचावर घेतलं. डाव्या मांडीखाली चुणी राहिली होती. चार बोटं लाल रेघ. दाबून बघितली, लाली गेली नाही. घाईत मी एका हाताने सपाट केलं होतं. रोज दोन्ही हातांनी करते."

तपासनीस बाईने पेन उचललं. "दुपारी सापडली?"

"साडेबाराला. सापडली नसती तर संध्याकाळी सातपर्यंत ही त्यावरच बसली असती. तोवर कातडी फुटते. मग दोन-तीन महिने पालथं झोपायचं, आणि नोकरी..." मावशीने हाताने काहीतरी दूर फेकल्यासारखं केलं.

"कुठे नोंद आहे?"

"कातडीच्या वहीत मी साफ लिहिलंय. तीन दिवस." मावशीचा आवाज तसाच होता, सामानाची यादी वाचून दाखवावी तसा. "पण शिपायाच्या किल्लीच्या वहीत वेळा असतील. रोज आम्ही दहा मिनिटांत खोली सोडतो. ते तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं होतो. मी हिला कुशीवर ठेवलं होतं."

"मी ती वही मागवीन."

"मागवा."

"आणि हे तुमच्या नावावर जाईल. निष्काळजीपणा आणि चुकीची नोंद. दोन्ही. पुढे तुम्हाला दुसरीकडे काम द्यायचं झालं तर ते कागद बघतील."

"बघू देत."

बाईने बराच वेळ लिहिलं. मग फळी काखेत मारली. "किल्लीची वही तुम्ही म्हणता तशी असली तर दुपारची भेट मी काढू शकत नाही. दुपारी सापडलेली गोष्ट आहे ती. पूर्ण मदत लिहिते." दाराशी ती वळली. "शर्ट छान आहे," वेळापत्रकवालीला म्हणाली, आणि गेली.

खोलीत झोळी अजून थोडी झुलत होती. मावशीने ती रुळावरून कोपऱ्यात सरकवली. ओला टॉवेल उचलला, पिळला, घडी घातली. टॉवेलला घडी घालायची नसते, वाळत टाकायचा असतो. तिने घडी मोडली.

"चेहरा ओढलाय तुझा," वेळापत्रकवाली म्हणाली. "असं म्हणाली होतीस तू. तीन दिवस. मी आरशात बघत होते, चेहरा कुठे ओढलाय."

"गेली ती रेघ. आता काही नाही तिथे."

"आता नाही हे तू सांगतेस म्हणून नाही."

मावशीने टॉवेल दांडीवर टाकला. दोन्ही टोकं सारखी केली.

"दुपार वाचली तुझी," ती म्हणाली.

"वाचली. तुझ्यामुळे वाचली, ते मला दिसलं. आणि स्वतःचं नाव तू खराब करून घेतलंस, तेही दिसलं." वेळापत्रकवालीने कोपराने विजेच्या खुर्चीची दांडी ढकलली. खुर्ची हळू फिरून मावशीच्या समोर आली. "आमच्या शहाण्या ड्रायव्हरने कबूल केलं असतं ना, तर मी त्याला चहा पाजला असता. तुलाही पाजते. पण आधी एक सांग."

मावशी खाली वाकून पिशवीत मोजे शोधू लागली. मोजे वेळापत्रकवालीच्या पायात होते.

"रोज दोनदा साफ म्हणतेस तू. सकाळी एकदा, दुपारी एकदा. अकरा वर्षं झाली. मी प्रत्येक वेळी ते ऐकून दिवस काढलाय, कारण दुसरं काही ऐकायला नाही मला." ती ओरडत नव्हती. फेऱ्यांच्या तक्त्यात एक चुकलेला आकडा दिसल्यावर ती ज्या आवाजात आधीचे सगळे आकडे पुन्हा तपासायला मागते, त्या आवाजात बोलत होती. "असं आणखी किती वेळा झालंय, मावशी?"

मावशी सरळ झाली. तिने वेळापत्रकवालीच्या हिरव्या शर्टाकडे बघितलं. कॉलर डावीकडून किंचित दुमडली होती. तिचा हात तिथपर्यंत गेला, थांबला, आणि परत आला.

"एकदाही नाही म्हण. मी विश्वास ठेवीन."

मावशीने पिशवी खांद्याला अडकवली. चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली, पिशवीची चेन ओढली.

"मावशी."

मावशीने दार उघडलं आणि ती बाहेर पडली.